राणीच्या वाडीतली दोन दूधघरं

जोतं_तुळई (धागाकर्ती)

पॅरिसजवळ व्हर्सायच्या राजवाड्याला जाणारे बहुतेक लोक आरसेमहाल बघून परत फिरतात. बागेच्या पार दुसऱ्या टोकाला, पेती त्रियानाँ या छोट्या महालाच्या पलीकडे तळ्याकाठी एक लहानशी वाडी आहे, तिथपर्यंत थोडेच पोचतात. या धाग्यात मला त्या वाडीबद्दल लिहायचं आहे, आणि त्यातही खास करून तिथल्या दूधघरांबद्दल.

फ्रान्सच्या राजाने, सोळाव्या लुईने, १७७४ मध्ये पेती त्रियानाँ आपल्या राणीला, मारी आंत्वानेतला दिलं. त्याच सुमाराला शांतिईला काँदेच्या राजपुत्राने आपल्या बागेत गवती छपरांची एक छोटी वाडी उभी केली होती. बाहेरून शेतकऱ्याची खोपटी, आत दिवाणखाना. तिचा गवगवा झाला. मग १७८३ पासून पुढच्या काही वर्षांत राणीनेही आपली वाडी बांधून घेतली, 'आमो द ला रेन', म्हणजे 'राणीची वाडी'. वास्तुकार रिशार मीक, आणि देखावा कसा दिसावा यामागे युबेर रोबेर या चित्रकाराची नजर. उद्ध्वस्त कमानी, पडकी घरं, वेलींनी झाकलेल्या भिंती हा त्याचा आवडता विषय. वाडी बघताना ते जाणवत राहतं. (मीकला पुढे १७९४ मध्ये गिलोटिनवर चढवलं.)

नॉर्मंडीच्या खेड्यासारखा सगळा थाट आहे. तळ्याभोवती राणीचं घर, त्याला सज्जाने जोडलेलं बिलियर्डघर, पाणचक्की, कबुतरखाना, राखणदाराचं घर, मार्लबरो मनोरा आणि मनोऱ्याजवळ दूधघर. घरांभोवती कोबीचे वाफे. जरा लांब खरीखुरी शेती आणि गोठा.

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत काम करते, त्यामुळे इथे आले की आधी भिंतीला नाक लावून बघते. राणीच्या घराच्या भिंतीवर भेगा आहेत. गिलावा उडालाय, खालच्या विटा दिसतायत, लाकूड किडलंय असं वाटतं. जवळ गेलं की कळतं की त्यातलं बरंच रंगवलेलं आहे. कुठे खरं लाकूड आहे, कुठे गिलाव्यावर ब्रशने काढलेल्या विटा. नव्या घराला शंभर वर्षांचं वय पहिल्याच दिवशी चढवलेलं. पाणचक्कीचं चाक फिरायचं, पण आत दळणाचं जातंच नव्हतं.

आता दूधघरं. वाडीत ती दोन होती. एकाचं नाव 'तयारीचं दूधघर'. तिथे दूध ओतायचं, साय काढायची, लोणी आणि चीज करायचं. दुसरं 'स्वच्छ दूधघर'. तिथे संगमरवरी ओट्यांवर तयार पदार्थ मांडायचे आणि राणी पाहुण्यांना घेऊन चाखायला यायची. आज मनोऱ्याजवळ उभं आहे ते दुसरं. पहिलं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, नेपोलियनच्या काळात वाडीची डागडुजी झाली तेव्हा फार मोडकळीला आलं म्हणून पाडून टाकलं. त्याच्याबरोबर धान्याचं कोठारही गेलं.

म्हणजे जिथे काम व्हायचं ते गेलं, आणि जिथे कामाचं फळ मांडायचं ते राहिलं. मला ही गोष्ट सोडवत नाही. दूधघर हा वास्तूचा प्रकार समजून घ्यायचा तर तिथे काय चालायचं हे कळायला हवं, आणि नेमकं तेच घर आता नाही. इथे लाकडी बांधकामातले लोक आहेत, दुधाच्या क्षेत्रातलेही आहेत. आपण मिळून ते घर डोळ्यांसमोर उभं करू शकू का?

पश्चिमवारा

वाचतोय. पुढे लिहा.

मोकळी_ओळ

ताई, प्रामाणिक प्रश्न विचारते. ज्या देशात शेतकरी करांखाली पिचला होता, तिथे राणीने शेतकऱ्याच्या घराचं खेळणं बांधलं. भिंतींवर गरिबी रंगवून घेतली. सहा वर्षांत क्रांती झाली. अशा वास्तूचं कौतुक करताना मला अवघड वाटतं. तिथे राबणाऱ्यांबद्दल काही माहिती मिळते का?

जोतं_तुळई

मोकळी_ओळ, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून या वाडीबद्दल बोलता येत नाही. रंगवलेल्या भेगांसमोर उभं राहिलं की मलाही तेच वाटतं. खऱ्या खेड्यातल्या माणसाने आपल्या भिंतीची भेग लिंपायला काय काय केलं असेल!

माहिती मिळते. शेतीची जबाबदारी तूरेन प्रांतातून आणलेल्या व्हाली ब्युसार नावाच्या शेतकऱ्याकडे होती. तो बायकामुलांसह तिथेच राहायचा. गाई होत्या, शेळ्यामेंढ्या होत्या, कोंबड्या होत्या, आणि दूध-अंडी खरोखरच वापरात यायची. राणी स्वतः गाई दोहायची ही गोष्ट मात्र सगळीकडे सांगितली जाते आणि तिला भक्कम आधार नाही. ती इथे फिरायला यायची, मुलांना घेऊन यायची, मोजक्या लोकांना जेवायला बोलवायची. दोहणं, गाळणं, साय काढणं, भांडी घासणं हे सगळं नोकरमाणसांचं काम. म्हणूनच पाडलेल्या दूधघराबद्दल मला एवढी ओढ आहे. ब्युसारच्या घरच्यांचे आणि तिथल्या बायकांचे हात त्या घरात होते.

आणखी एक. राणीच्या घराच्या मागे 'रेशोफ्वार' नावाची इमारत आहे. बाहेरून तीही खोपटीच. आत चुली आणि भट्टी. जेवण तिथे व्हायचं आणि तिथून राणीच्या घरात जायचं. काम करणारी जागा मागे, झाडीआड, आणि समोर फुलांच्या कुंड्या लावलेला सज्जा. पूर्ण वाडीचा आराखडा या एका नियमावर उभा आहे.

सायसाखर

डेअरी तंत्रज्ञान शिकले आणि बरीच वर्षं दूध संघात काम केलं, म्हणून माझ्या बाजूने लिहिते. ते 'तयारीचं दूधघर' आत कसं असावं हे दुधाच्या स्वभावावरून बरंच सांगता येतं.

यंत्र येण्याआधी साय वेगळी करायचा एकच मार्ग होता, दूध स्थिर ठेवायचं आणि वाट बघायची. दुधातले स्निग्धकण पाण्यापेक्षा हलके, आकाराने काही मायक्रॉन. ते हळूहळू वर येतात. भांडं उथळ असेल तर त्यांना कमी अंतर कापावं लागतं. म्हणून परातीसारखी रुंद, उथळ भांडी, आणि ती एका रांगेत मांडायला लांबच लांब ओटे. बारा तास, चोवीस तास, कधी त्याहून जास्त. तेवढ्या वेळात दूध आंबता कामा नये. ही खरी शर्यत आहे, साय आधी वर येते की दूध आधी फाटतं. सगळी वास्तू ही शर्यत जिंकण्यासाठी असते. जाड भिंती, ऊन न लागणारी बाजू, रुंद पागोळ्या, दगडी किंवा संगमरवरी ओटा, जमिनीवर पाणी ओतून गारवा धरायची सोय, पाणी वाहून जाईल असा उतार, वारा आत येईल पण माशी येणार नाही अशा खिडक्या. दूध वास फार पटकन धरतं, म्हणून गोठा, उकिरडा, स्वयंपाकघर यांपासून लांब.

आता यातली गंमत बघा. भांडी निर्जंतुक करायला उकळतं पाणी लागतं. लाकडी रवी, घुसळणीचा पिंप, गाळण्या, सगळं रोज उकळत्या पाण्याने धुवायचं. म्हणजे चूल हवी. आणि चूल दूध ठेवायच्या खोलीत चालणार नाही, कारण सगळा गारवा जाईल. त्यामुळे चांगल्या दूधघराला नेहमी दोन खोल्या लागतात, एक गार आणि एक गरम, मध्ये जाड भिंत. व्हर्सायमध्ये दोन वेगळ्या इमारती केल्या त्यामागे राणीची हौस होतीच, पण दुधाला ते सोयीचंही होतं.

आपल्याकडे अशी गार खोल्यांची परंपरा का नाही, असा प्रश्न मला विद्यार्थी असताना पडला होता. आपण मुळात शर्यतच वेगळी लावली. दूध तापवलं, विरजलं, दही घुसळून लोणी काढलं. आंबणं हा आपला मित्र, तिकडे तो शत्रू. दुसरं कारण म्हैस. गाईच्या दुधात एक प्रथिन असतं, ते गार झालेल्या दुधात स्निग्धकणांना एकमेकांना चिकटवतं, त्यांचे झुबके होतात आणि साय झपाट्याने वर येते. म्हशीच्या दुधात ते जवळपास नसतं. फॅट जास्त असूनही म्हशीचं कच्चं दूध गार ठेवून गाईच्या दुधासारखी साय वर येत नाही.

१८७८ मध्ये स्वीडनच्या गुस्ताफ द लावालने सतत चालणारा क्रीम सेपरेटर आणला आणि हे सगळं बदललं. बारा तासांचं काम काही मिनिटांत. उथळ भांड्यांची रांग गेली, मग तिच्यासाठी बांधलेली खोलीही गेली.

जोतं_तुळई

सायसाखर, वाचून अंगावर काटा आला. गार खोली आणि गरम खोली! मी आजवर त्या दोन इमारतींकडे फक्त नोकर आणि मालक अशाच नजरेने बघत होते.

तुळजाराम_मिस्त्री

आमचा धंदा जुन्या वाड्यांच्या लाकूडकामाचा, वडिलांपासून. पुण्यात, वाईला, सासवडला कामं केली. तिकडची घरं कधी बघितली नाहीत, पण फोटोत जे लाकडी सांगाडे दिसतात ते कसे उभे करतात हे समजून घ्यायचं आहे. आपल्याकडे जोत्यावर दगडी उथळं, म्हणजे खांबाची बैठक, त्यावर सागवानी खांब, खांबावर आधाराचा हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर कडीपाट. भिंत विटांची, पण भार खांबावर. तिकडे उथळं दिसत नाहीत. खांब कशावर उभा करतात? आणि मध्ये ती तिरपी लाकडं कशासाठी?

जोतं_तुळई

मिस्त्रीकाका, तुमच्यासारख्या माणसाने विचारलं म्हणून नीट सविस्तर लिहिते. हे सर्वसाधारण पद्धतीबद्दल आहे, उत्तर फ्रान्स आणि इंग्लंड दोन्हीकडे बरंचसं सारखं.

आधी दगडाचं किंवा विटांचं बुटकं जोतं. त्यावर एक आडवी तुळई सरळ झोपवतात, पूर्ण भिंतीच्या लांबीची. खांब या झोपलेल्या तुळईत कुसू, म्हणजे टोकाला कोरलेली जीभ, खाचेत घालून उभे राहतात. म्हणजे आपल्याकडे प्रत्येक खांबाला स्वतःचं उथळं, तिकडे सगळ्या खांबांना एक सामाईक पाया. वरच्या बाजूला तशीच आडवी तुळई, आणि समोरासमोरच्या भिंतींना बांधून ठेवणारी आडवी तुळई खणाखणावर. एक चौकट झाली. पण चौकोनी चौकट वाऱ्याने तिरकी होऊ शकते, चौकोन दाबला की समांतरभुज चौकोन होतो. त्रिकोणाचा आकार असा बदलत नाही. म्हणून ती तिरपी लाकडं. आपल्या वाड्यात तो आडवा जोर जाड विटांच्या भिंती घेतात, तिकडे भिंत बारीक असल्यामुळे लाकडालाच घ्यावा लागतो.

लाकूड ओक, आणि मुख्य म्हणजे ओलं. सागवान आपण वाळवून वापरतो. ओक वाळला की इतका कठीण होतो की पटाशी चालत नाही, म्हणून तोडल्यावर लवकरच कापतात, सांधे घडवतात आणि तसाच उभा करतात. पुढची काही वर्षं तो घरातच वाळतो. वाळताना लांबीत फारसा फरक पडत नाही, रुंदीत आकसतो, थोडा पिळही घेतो. सांधे त्याने आणखी घट्ट होतात. कुसूला पाडलेलं खुंटीचं भोक खाचेच्या भोकापेक्षा मुद्दाम केसभर आत ठेवतात. खुंटी ठोकली की ती कुसूला आत ओढते. खिळा नाही, सरस नाही.

सगळी चौकट आधी जमिनीवर आडवी मांडून जुळवायची, प्रत्येक सांध्यावर पटाशीने रोमन आकड्यांसारखी खूण करायची, सुटी करायची, आणि जागेवर नेऊन त्याच खुणांनी पुन्हा जोडायची. जुन्या घरांत त्या खुणा आजही बोटाला लागतात.

मधल्या जागा भरायला आपला कूडच. ओकच्या काड्या उभ्या, त्यात हेझलच्या लवचीक काड्या विणायच्या, आणि दोन्ही बाजूंनी माती, शेण, चिरलेला पेंढा यांचा लेप, वरून चुना. कोकणातल्या कारवीच्या कुडासारखंच. पुढे विटा भरायला लागले.

गवती छपराचं वेगळं गणित. पाखं खूप उभं लागतं, पंचेचाळीस ते पन्नास अंशांचं, म्हणजे पाणी मुरायच्या आत घसरून जातं. पन्हळ नसते. म्हणून पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात इतकं छप्पर पुढे काढतात आणि लाकूड जोत्यावर उचलून ठेवतात. दूधघरासाठी हे छप्पर उत्तम, कारण जाड गवतातून ऊन आत येत नाही.

तुळजाराम_मिस्त्री

खुंटीचं भोक केसभर आत, हे आम्हीही करतो. वडील त्याला 'ओढ ठेवणं' म्हणायचे. फार बरं वाटलं वाचून.

एक सांगतो. लाकडाला पाणी मारत नाही, अडकलेलं पाणी मारतं. एका वाड्याच्या दुरुस्तीला आम्हाला बोलावलं तेव्हा आधीच्या कोणीतरी खांबाभोवतीचा चुना काढून सिमेंट लावलं होतं, आणि घरमालकांना वाटत होतं की खांब आता दोनशे वर्षं बघायला नको. सिमेंट फोडलं तेव्हा आतला सागवानी खांब मुठीत चुरला जाईल असा झालेला. वरचा हात दीड हात भाग मात्र लोखंडासारखा. चुना ओल घेतो आणि परत सोडतो. सिमेंट घेत नाही पण भेगेतून गेलेलं पाणी सोडतही नाही. तिकडे हा त्रास आहे का?

जोतं_तुळई

अगदी हाच. गेल्या शतकात असंख्य लाकडी घरांवर सिमेंटचा गिलावा चढला, आणि आता तो काढणं हे आमच्या कामाचं मोठं अंग आहे. ओल्या ओकमध्ये एक भुंगा अंडी घालतो, त्यातून निघालेल्या अळ्या वर्षानुवर्षं आतून पोखरत राहतात. कोरडा ओक त्याला नको असतो. त्यामुळे औषध मारण्याआधी ओल कुठून येतेय ते शोधायचं.

राणीच्या वाडीची अडचण त्याहून वेगळी. ती मुळात देखाव्यासाठी, भराभर आणि हलक्या हाताने बांधलेली. पंचवीस वर्षांत काही इमारती पाडायची वेळ आली ती त्यामुळेच. नेपोलियनने दुसरी पत्नी मारी-लुईझसाठी वाडी दुरुस्त करून घेतली. नंतर १९३० च्या दशकात अमेरिकन धनाढ्य रॉकफेलरच्या देणगीतून व्हर्सायची जी मोठी कामं झाली त्यात इथेही हात फिरला. राणीचं घर २०१५ ते २०१८ मध्ये पुन्हा नीट केलं, त्याला दिओर या फॅशन कंपनीने पैसा दिला. आता तुम्हीच सांगा काका, रंगवलेली भेग दुरुस्त करायची म्हणजे काय करायचं? भिंतीला खरी भेग गेली तर ती बुजवायची, आणि तिच्यावर पुन्हा खोटी भेग रंगवायची. तेच करतात, आणि माझ्या मते तेच बरोबर आहे. तो रंग हाच तिथला मूळ गिलावा आहे.

पश्चिमवारा

मी इंग्लंडमध्ये चेस्टरला राहतो. आमच्याकडे ग्रोव्हनर पार्कच्या दाराशी एक लॉज आहे, या धाग्यात बसेल म्हणून लिहितो.

१८६५ ते ६७ मध्ये बांधलेलं, वास्तुकार जॉन डग्लस. पार्क वेस्टमिन्स्टरच्या दुसऱ्या मार्क्विसने शहराला दिलं. लॉजचा खालचा मजला लाल वालुकाश्माचा आणि वरचा लाकडी सांगाड्याचा. त्या लाकडात इंग्लंड जिंकणारा नॉर्मन राजा विल्यम द काँकरर आणि चेस्टरच्या सात नॉर्मन अर्लांच्या मूर्ती कोरल्या आहेत. रखवालदाराच्या घराला एवढी कलाकुसर! पण लॉजचं कामच ते. इस्टेटीत शिरताना सगळ्यात आधी तेच दिसतं, मोठं घर तर अजून मैलभर आत असतं. मालक कोण, किती जुना, त्याची आवड काय, हे दारावरच सांगून टाकायचं.

डग्लसने पुढे ग्रोव्हनर घराण्याच्याच ईटन हॉल इस्टेटीवर अक्षरशः शेकड्यांनी घरं बांधली. सुमारे ३०० कॉटेज आणि ५० शेतघरं, शिवाय शाळा आणि चर्चं. तिथे शेतकरी खरोखर राहायचे आणि आजही लोक राहतात. मला तो फरक महत्त्वाचा वाटतो. व्हर्सायला खेड्याचं चित्र होतं, इथे त्याच चित्रासारखं दिसणारं चालतं खेडं.

काळ्या लाकडाची आणि पांढऱ्या भिंतींची घरं मात्र सरसकट जुनी समजू नयेत. चेस्टरभोवतीच्या चेशर परगण्यात लिटल मोरटन हॉलसारखी सोळाव्या शतकातली खरी घरं आहेत, पण ओकला डांबरी काळा आणि मधल्या भागाला शुभ्र पांढरा ही टोकाची जोडी मोठ्या प्रमाणावर एकोणिसाव्या शतकात पसरली. नुसता सोडलेला ओक रुपेरी करडा होतो. माझ्या डोळ्यांना तोच जास्त आवडतो.

मोकळी_ओळ

पश्चिमवारा, खरा सांगाडा आहे की नुसत्या पट्ट्या ठोकल्यात हे आमच्यासारख्यांनी कसं ओळखायचं?

पश्चिमवारा

मी खुंट्या बघतो. सांध्यापाशी लाकडी खुंटीचं गोल टोक किंचित बाहेर आलेलं असतं. दुसरं, लाकडांची रुंदी. खऱ्यात कमीजास्त असते, कारण झाड तसं असतं. तिसरं, खालच्या कोपऱ्यात जाऊन बघायचं की खांब कशावर टेकलाय. पट्टी असेल तर ती हवेतच संपते.

तुळजाराम_मिस्त्री

आणि बोटाने वाजवून बघायचं. पट्टीमागे पोकळ आवाज येतो.

सायसाखर

इंग्लंडच्या दूधघरांबद्दल थोडी भर घालते. १७८६ मध्ये ऑल्थॉर्पला लेडी स्पेन्सरसाठी हेन्री हॉलंडने दूधघर बांधलं. आतल्या टाइल्स आणि भांडी वेजवूड या चिनी मातीच्या कारखान्याची, पांढऱ्यावर आयव्हीच्या हिरव्या पानांची नक्षी. डेव्हनमध्ये एंडस्लीला बेडफर्डच्या ड्यूकने एका दरीत तळ्यावर दूधघर बांधलं, वास्तुकार वायटव्हिल. तिथेही संगमरवर आणि आयव्हीच्या टाइल्स. आता ते जुन्या इमारती जपणाऱ्या लँडमार्क ट्रस्टकडे आहे आणि शेजारच्या पाँड कॉटेजमध्ये भाड्याने राहता येतं. भाचीकडे इंग्लंडला गेले होते तेव्हा आम्ही तिथे राहिलो. ऐन उन्हाळ्यात दुपारी त्या खोलीत पाऊल टाकलं की दंडावर गारवा जाणवतो. मी ओट्यावर हात ठेवून उभी राहिले आणि पहिला विचार आला, इथे दूध टिकेल.

१८५८ चं विंडसरजवळचं फ्रॉगमोर यापुढे जातं. प्रिन्स अल्बर्टने करवून घेतलेलं, शिल्पकार जॉन थॉमस, भिंतीभर मिंटनच्या टाइल्स. दुहेरी भिंती आणि दुहेरी खिडक्या, मध्ये हवेचा थर. ऐन त्या काळात लंडनमध्ये भेसळीचं आणि आजारी गाईंचं दूध विकलं जात होतं. पुसता येणारी चकचकीत भिंत ही नुसती शोभा नव्हती. आजच्या दूध संघात जी पांढरी टाइल दिसते तिचं मूळ इथे आहे असं मला वाटतं.

जोतं_तुळई

आणि याच्या उलट टोकाला रांबुयेचं दूधघर. सोळाव्या लुईने राणीसाठी १७८५ ते ८७ मध्ये बांधलं, कारण तिला रांबुये आवडत नव्हतं. वास्तुकार तेवनाँ, इथेही युबेर रोबेरचा हात. लाकूड नाही, खोपटी नाही, दगडी देऊळच. आत एक कृत्रिम गुहा, त्यात पिएर ज्युलियँने घडवलेली संगमरवरी अमाल्थिया (ग्रीक कथेत बाळ झ्यूसला शेळीच्या दुधावर वाढवणारी) आणि तिची शेळी. सेव्ह्रच्या चिनी मातीच्या कारखान्याने खास भांडी बनवली. तिथे लोणी काढायचा प्रश्नच नव्हता.

शेजारीच मात्र १७८६ मध्ये स्पेनहून मेरिनो मेंढ्यांचा कळप आणला. त्या कळपाचा वंश आणि ती मेंढपाळी आजही चालू आहे. मोकळी_ओळ, तुमच्या पहिल्या प्रश्नाशी हे जुळतं. त्या काळच्या बड्या लोकांना शेतीसुधारणेत खरा रसही होता आणि शेतीचं नाटकही करायचं होतं, आणि दोन्ही एकाच आवारात चालायचं.

मोकळी_ओळ

हो, आता नीट कळतंय. कौतुक करायचं की नाही यापेक्षा कोणती इमारत कोणी वापरली हे विचारत बघायचं. माझा आक्षेप कायम आहे, पण मला ती वाडी बघायची आहे. जूनमध्ये आईला घेऊन पॅरिसला येतोय. तिचे गुडघे दुखतात. जमेल का?

जोतं_तुळई

जमेल. सोमवार सोडून या. त्रियानाँचा भाग दुपारी बारालाच उघडतो, त्यामुळे सकाळी राजवाडा आणि दुपारी हा भाग असं ठेवा. राजवाड्यापासून चालत फार लांब पडतं. बागेतून छोटी गाडी त्रियानाँपर्यंत जाते, आईंना तिने आणा. तिथून पुढे वाडीपर्यंत सपाट वाट आहे, पण खडी आहे, तर चपला जाड तळाच्या. राणीच्या घरात आत जायचं तर मार्गदर्शकाबरोबरच सोडतात, ते आधी आरक्षित करावं लागतं.

वाडीत शिरल्यावर तळ्याला मनोऱ्याच्या बाजूने वळसा घाला, म्हणजे दूधघर आधी लागेल. मग राणीच्या घराच्या मागे जाऊन रेशोफ्वार बघा. बहुतेक लोक समोरूनच फोटो काढून जातात. आई थकल्या तर त्यांना तळ्याकाठी बसवा, मला एक दिवस आधी कळवा, मी येऊन थांबेन त्यांच्याजवळ, तुम्ही शेतापर्यंत जाऊन या.

तुळजाराम_मिस्त्री

मोकळी_ओळ ताई, जमलं तर राखणदाराच्या घराच्या खालच्या कोपऱ्याचा फोटो आणा. खांब कशावर टेकलाय ते दिसेल असा, जवळून.